कालव्यावरच्या लिंबाखालचा डबा

बारामती,
१२ जानेवारी १९९७

ती. द्वारकाआत्या,

तुझं कार्ड मिळालं. साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकलीस आणि पहिला जाब मलाच विचारलास, "पोरी, तुजं काम तरी काय?" आता ऐक.

इथल्या उद्यान विभागात मी तात्पुरती लागलेय, एवढं तुला ठाऊक आहे. झाडं रावजी माळी बघतात आणि मला त्यांना हात लावू देत नाहीत. साहेबांनी मला सांगितलंय ते इतकंच, की बागेत पोरं येतील असं काहीतरी करा. बाग चांगली आहे. बाकडी आहेत, घसरगुंडी आहे, कारंजंही आहे. त्याला पाणी नाही ती गोष्ट वेगळी. फक्त पोरं नाहीत, ती सगळी टीव्हीपुढं बसलेली असतात.

कॉलेजात एन.सी.सी.त असताना आम्हाला होकायंत्र घेऊन रान तुडवायला लावायचे. त्यावरून मी एक खेळ काढलाय. नाव ठेवलंय 'खूणशोध'. बिस्किटांचे पत्र्याचे डबे बागेत, टेकाडावर, कालव्याच्या कडेला लपवून ठेवलेत. ऑफिसात आलं की होकायंत्र आणि एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठीत कोडं असतं: 'फाटकाकडे पाठ कर, उगवतीला चाल, म्हातारं झाड पाण्यात डोकावतंय तिथं थांब.' डबा सापडला की आतल्या रबरी शिक्क्याचा, कुठं मासा तर कुठं मोर, ठसा आपल्या कार्डावर मारायचा, आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून यायचं. सगळे ठसे जमवले की नर्सरीतलं एक रोप घरी न्यायला मिळतं.

आतापर्यंत चार टाळकी आली, तीही मुलग्यांची. मुलींनी यावं म्हणून गेल्या आठवड्यात मी डब्यांत हिरव्या बांगड्या, लाल रिबिनी, काजळाच्या डब्या आणि लिंबाच्या गोळ्या घातल्या. कालव्यावरच्या कडुलिंबाच्या ढोलीतला डबा तर मी लाल फडक्यात बांधलाय, म्हणजे अंधाऱ्या ढोलीतही चटकन दिसेल. जागाही झकास आहे. तिथं तीन वाटा एकत्र येतात, त्यामुळं येणारं-जाणारं कुणीतरी बघणारच.

साहेबांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर पोरं आली तर खेळ राहील आणि मीही राहीन. नाहीतर मी परत कळंबला, आणि दादांनी बघून ठेवलेलं ते स्थळ. आत्या, ते जेवतानासुद्धा रेडिओ कानाला लावून बसतं! मी हा खेळ चालवणार म्हणजे चालवणार.

तुमच्या मेंढरांच्या वेळची लोकर अजून कणगीमागं पडलीय ना? थोडी पाठव. गोंडे करून डब्यात ठेवीन.

तुझी,
रोहिणी


सणसर,
२४ जानेवारी १९९७

चि. रोहिणी,

पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा अक्षरं लावली, दुसऱ्यांदा अर्थ लावला. खेळ काय मला कळला न्हाय. वस्तू लपवायची आन् दुसऱ्यानं हुडकायची, यासाठी सरकार पगार देतंय व्हय? आमचा संदेश रोज सकाळी चपला हुडकतो, त्याला कोण काय देत न्हाय.

आता महत्त्वाचं लिवते, नीट वाच. आपल्या शेजारच्या धोंडाबाईची सारजा तुमच्या बारामतीत कालव्याकडंच्या वाडीत दिल्याली हाय. तिची स्वराली तापानं फणफणली. तितं लिंबाच्या ढोलीत कुणीतरी करणी करून ठेवलीया. लाल फडकं, त्यात हिरव्या बांगड्या, काजळ, लाल फीत. लिंबू बी व्हतं म्हणं. आन् ते बी तिकाटण्यावर! पोरीनं हात लावला आन् रातच्याला ताप चढला. आता त्या अंगाला कुणी पोर सोडत न्हाय.

तू एकटी खोली करून ऱ्हातीस. त्या वाटंनं अजिबात जायचं न्हाय. दिसलं तरी हात लावायचा न्हाय. ज्यानं कुणी हे केलं त्याचे हात झडतील असं धोंडाबाई म्हणली. मी बी म्हणलं, झडू देत.

लोकर पाठवते. जपून ऱ्हा.

तुजी आत्या


बारामती,
३० जानेवारी १९९७

ती. आत्या,

तुझा शाप पोचला. हात अजून जागेवर आहेत, त्याच हातांनी हे लिहितेय. आत्या, ती करणी मीच केलीय.

पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बांगड्या, काजळ, लाल फीत, वर लाल फडकं, आणि सगळं तिकाटण्यावर! मी कळंबची पोर, उतारा काय असतो ते मला कुणी शिकवायला हवं होतं का? पण खेळाच्या नादात मला बांगडी ही नुसती बांगडी दिसली. लिंबू म्हणजे माझ्या गोळ्या, बरं का.

हसू फार टिकलं नाही. परवा सारजा बायका घेऊन ऑफिसात आली. साहेबांनी मला विचारलं, "अहो, पण बांगड्या कशाला घातल्यात?" मी सगळ्यांना लिंबाखाली घेऊन गेले, डबा उघडला, बांगड्या घालून दाखवल्या, गोळी खाऊन दाखवली. डॉक्टर म्हणाले पोरीचा घसा आलाय, तेही सांगितलं. सारजानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जिनं ठेवलं तिला कसं बाधंल?" रावजींना म्हटलं, तुम्ही तरी हात घाला. ते म्हणाले, "बाई, त्या झाडाला आता पाणीसुद्धा तुमीच घाला."

म्हणून तुला विनवतेय. तू ये. सारजा तुझ्या अंगणात खेळून मोठी झाली, ती तुझं ऐकते. तू सगळ्यांसमोर डबा उघडायचास, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची, की संपलं. संदेश तुला सकाळच्या यष्टीत बसवून देईल. एवढंसं काम आहे आत्या, माझ्यासाठी कर.

तुझी,
रोहिणी


सणसर,
८ फेब्रुवारी १९९७

चि. रोहिणी,

काल अवस व्हती म्हणून लिवलं न्हाय, आज लिवते. मी यायची न्हाय.

एवढंसं काम म्हणलीस. तुला कुणी सांगितलं नसंल, दादानं बी न्हाय. संदेश पाळण्यात व्हता तवाची गोष्ट. मी बाजारातनं येत व्हते, डोक्यावर पाटी, खाली बघितलं न्हाय. आपल्या तिकाटण्यावर कुणीतरी उतारा टाकला व्हता. नारळ, बांगड्या, कुंकू. माजा पाय त्यावर पडला. माज्या सासूनं लांबून बघितलं. पुढची अवस यायच्या आत मालक इहिरीत पडून गेलं.

सासू म्हणली, हिच्या पायानं गेला. भावकी म्हणली. मी बी म्हणलं. रडायला आल्याल्या बाया माज्या तोंडाकडं बघायच्या आदी पायाकडं बघायच्या.

तवापासनं मी त्या तिकाटण्यावरनं जात न्हाय. वढ्याकडनं वळसा घालून येते. ल्हानपणी तू सुट्टीला यायचीस तवा तुला बी तिकडनंच आणायची. तुला वाटायचं आत्याला पाण्यात पाय घालायला आवडतंय.

मालक गेलं तवा घरात गडी माणूस त्येच येक व्हतं. आता संदेश हाय. कळलं का? मला बोलवू नको.

आत्या


बारामती,
१५ फेब्रुवारी १९९७

ती. आत्या,

मला खरंच माहीत नव्हतं. मला आठवतंय, ओढ्यात तू पुढं आणि मी मागं, आणि तू लुगड्याचा ओचा खोचून म्हणायचीस, "चल, गार वाटंनं जाऊ." मी शाळेत 'माझी आवडती वाट' म्हणून त्यावर निबंध लिहिला होता. काल रात्री तुझं पत्र वाचून मला रडू आलं. तू येऊ नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

पण मी काय करतेय तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल पोरगी हातपाय गाळून बसली. मी रोज ऑफिस सुटल्यावर त्या लिंबाखाली जाऊन बसते. भाकरी तिथंच खाते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका रस्ता ओलांडून पलीकडून जातात, मी त्यांना हात करते. रावजी म्हणाले, "बांगड्या काढून टाका, वाद मिटंल." मी नाही काढल्या. काढल्या की ती करणीच होती असं मी कबूल केल्यासारखं होईल, आणि मग प्रत्येक बांगडी बघून त्या पोरी दचकत राहतील.

बागेतल्या बाकीच्या डब्यांनाही आता कुणी जात नाही. साहेबांनी काल सहज विचारल्यासारखं केलं, "कळंबला तुमचं घर कुठंसं?" मीही सहजच सांगितलं, पण जाणार नाही हेही सांगितलं.

संदेशला आशीर्वाद. चपला सापडल्या का विचार.

तुझी,
रोहिणी


सणसर,
२६ फेब्रुवारी १९९७

चि. रोहिणी,

लई इचार केला. तू तितं एकटी भाकरी खातीस हे मला बघवंना. मला कधी कुणी असं जवळ बसून दावलं असतं, तर बरं झालं असतं.

पुढल्या म्हयन्यात आठ तारखंला अवस हाय आन् शनवार बी हाय. दुसऱ्या कुठल्या दिवशी आले तर बाया म्हणतील, चांगला दिवस बघून आली. म्हणून त्याच दिवशी येते. सकाळच्या यष्टीनं.

कुणाला सांगू नको म्हणून लिवणार व्हते. पर तसं नको. समद्यांना सांग.

आत्या

संदेशला म्हायती न्हाय मी कशाला येते. त्याला म्हणलं, रोहीला बघून येते.


बारामती,
१४ मार्च १९९७

ती. आत्या,

तू गेल्यापासून रोज पोस्टमनची वाट बघतेय. बरी आहेस ना?

मला अजून ते सगळं डोळ्यांपुढं दिसतंय. सारजा, तिच्यामागं वाडीतल्या बायका, रावजी झारी घेऊन लांब उभे, आणि साहेब तर स्कूटरवरून उतरलेच नाहीत. तू चपला काढून ठेवल्यास. सारजा म्हणाली, "मावशी, तुमी नका. तुमाला म्हायती हाय समदं, तरी?" तू म्हणालीस, "म्हायती हाय म्हणूनच आले, सारजे." आणि ढोलीत हात घातलास. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं, झाकण उघडताना तू संदेशचं नाव घेत होतीस. तू बांगड्या घेतल्यास, हातात न घालता कमरेच्या पिशवीत टाकल्यास आणि काळ्या लोकरीचा गोंडा डब्यात ठेवलास. मग ते शिक्क्याचं काय करायचं ते मला विचारलंस. माशाचा ठसा स्वतःच्या तळहातावर मारलास आणि बायकांना हात दाखवलास.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वराली आली. सारजा फाटकाबाहेर उभी होती, पण तिनं पोरीला आत सोडलं. आता रोज संध्याकाळी होकायंत्रं कमी पडतात. काल पोरींची भांडणं मी सोडवली! तुला हे सांगताना मला किती आनंद होतोय म्हणून सांगू.

तू मात्र जाताना यष्टीत खिडकीकडं तोंड करून बसलीस. एक कार्ड टाक.

तुझी,
रोहिणी


बारामती,
२७ मार्च १९९७

ती. आत्या,

संदेश उसाच्या ट्रॉलीवरून पडला, पाय मोडला, इथल्याच दवाखान्यात आहे, आणि हे मला सारजाकडून कळावं? मी धावत आले तर तू भिंतीकडं तोंड केलंस आणि म्हणालीस, "तू जा." मी गेले. पण बाहेर जिन्यावर बसून राहिले, ते तुला ठाऊक नाही.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. वाडीतही तेच चाललंय. संदेश पडल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं बंद झाली. लिंबाखालच्या डब्यातला माशाचा शिक्काही कुणीतरी नेलाय. बहुतेक भीतीनं कालव्यात फेकून दिला असेल.

आत्या, मी हट्टी आहे हे तूच सगळ्यांना सांगतेस. साहेबांपुढं, सारजापुढं, दादांच्या त्या रेडिओपुढं मी हटणार नाही. पण तुझ्यापुढं माझा हट्ट नाही. तू माझ्यासाठी त्या ढोलीत हात घातलास. संदेशची काळजी करत तू एक दिवस जरी माझ्या खेळापायी जळणार असशील, तर मला तो खेळ नको. तू नुसतं 'उचल' म्हण, मी त्याच दिवशी सगळे डबे उचलून कळंबची यष्टी धरते. तुझ्यावर रागावणार नाही.

तुझ्या पत्राची वाट बघते.

रोहिणी


सणसर,
९ एप्रिल १९९७

चि. रोहिणी,

परवा अवस गेली, काल पाडवा झाला. म्हणून आज लिवते. त्याआदी लिवायची छाती न्हवती.

दवाखान्यात तुज्याकडं पाठ केली ती रागानं न्हवं. संदेश पडला तवा धोंडाबाई मला म्हणली, "बघ." नुसतं बघ म्हणली. मी देवाला म्हणलं, याला ठेव, मला ने. आन् तेवढ्यात तू दारात. मला वाटलं, आता मी हिच्याकडं बघितलं तर माज्या तोंडातनं जाईल, उचल तुजं डबं. म्हणून तोंड फिरवलं.

दोन दिसांनी संदेशची गुंगी उतरली. मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत व्हते. त्यो म्हणला, "आई, चूक माजीच हाय. ऊस आवळायचा दोर कुजला व्हता. मला ठावं व्हतं. उद्या बदलू, उद्या बदलू करत ऱ्हायलो. वर चढून ताणला तर तुटला."

मी उठून व्हरांड्यात जाऊन बसले.

रोहे, मालक इहिरीत उतरलं तवा बी दोर कुजका व्हता. पाणी चढत व्हतं, मोटर वर घ्यायची व्हती. दोर तुटला आन् त्ये खाली गेलं. तुटल्याला दोर इहिरीच्या काठावर लोंबत व्हता. समद्या भावकीनं बघितला. चुलतसासऱ्यांनी हातात घेऊन बघितला, उसवून बघितला आन् टाकून दिला. दोराचं नाव कुणी काढलं न्हाय. समदी माज्या पायाचं बोलली. आन् मी बी दोर बघितला व्हता गं. ह्या माज्या डोळ्यांनी बघितला व्हता. तरी पायाचंच धरून बसले. संदेशला मिसरूड फुटली, तरी मी पायाचंच धरून बसले.

त्या दिवशी मी लई रडले. मालक गेलं तवा सुदिक अशी रडले न्हवते. तवा मला रडायचा हक हाय का न्हाय, त्येच कळत न्हवतं.

तुजा शिक्का कालव्यात गेल्याला न्हाय. सारजा रोज जेवणाचा डबा घेऊन यायची, तिच्यासंगं स्वराली. पोरीनं परकराच्या खिशात शिक्का आणला व्हता. संदेशच्या पायाच्या प्लास्टरवर मासंच मासं उठवून ठेवल्यात. डॉक्टर म्हणले, "हे कुणी केलं?" ती म्हणली, "मामा चालत येऊन हुडकू शकत न्हाय, म्हणून मी हितंच आणलं." सारजा ते बघून हसली. मग माजा हात धरून म्हणली, "मावशी, सुट्टी लागली की पोरीला मीच घेऊन जाते लिंबाकडं." तवा स्वरालीला रागावू नको. शिक्का ती आणून देणार हाय.

काल गुढी उभारली. तुज्या डब्यातल्या हिरव्या बांगड्या पिशवीत तशाच व्हत्या. त्या हातात भरल्या. धोंडाबाई दारातनं बघत ऱ्हायली. आत गेली, आन् पुरणाची पोळी घेऊन आली.

डबं उचलायचं न्हाय. येक बी न्हाय. दादाला मी सांगते, त्या रेडिओवाल्याला दुसरी पोरगी बघ म्हणून.

आन् येक डबा हितं पाठवून दे. तुमच्या हद्दीत येत न्हाय असलं काय सांगू नको. संगं शिक्का बी पाठव, मेंढराचा असला तर बरं. आपल्या तिकाटण्यावर ठेवायचा हाय, मीच ठेवणार. काल बाजारातनं मी तिकडनंच आले. खाली बघत आले, मग वर बघत आले.

लई जवळची वाट हाय गं ती. मी इसरूनच गेले व्हते.

तुजी आत्या,
द्वारकाबाई